बूट दाराबाहेर

स्वादुपिंडाचे मोठे डॉक्टर म्हणवता स्वतःला, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या केसपेपरवर धडधडीत खोटं लिहिता. ‘स्वादुपिंडाला सूज. कारण: दारू.’ तिने आयुष्यात थेंब चाखलेला नाही. पण तुम्ही विचारलंत तिच्या नवऱ्याला, आणि तो मान खाली घालून म्हणाला, “लपूनछपून घेते हो. सांगून सांगून दमलो मी.”

तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. तिला म्हणालात, “बाई, पोरांकडे बघून तरी सोडा आता.” नवरा उशाशी उभा असताना ती काय बोलणार, कपाळ?

काल तो खुर्चीत घोरत होता, तेव्हा मी तिचं अंग पुसायला घेतलं. बेंबीच्या चार बोटं वर वाटीएवढा काळानिळा डाग.

“हे काय गं?”

“ताई, हळू बोल,” म्हणाली आणि तिने दाराकडे बोट केलं. दाराबाहेर त्याचे कारखान्यातले बूट होते. लोखंडी टोकाचे. त्याच टोकाने तिचं स्वादुपिंड पाठीच्या मणक्यावर चेचलं. तुम्ही चार दिवस रिपोर्ट वाचलेत, चादर एकदाही बाजूला केली नाहीत.

जंतू येतात म्हणून ते बूट तुम्ही दाराबाहेर काढायला लावलेत. उद्या डिस्चार्ज देऊन तिला त्याच बुटांसोबत घरी पाठवताय, ते कोणत्या नियमात बसतं? उत्तर द्या.