मागच्या भिंतीची खिडकी

"मागच्या बाजूला काही नको," प्रभाकरशेठ म्हणाला. "वर वीतभर भोक ठेवा. धूर जाईल तेवढ्यातून."

त्याची बायको कलावती मेस्त्रीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी होती. तिने तो तिथेच जमिनीवर ठेवला.

टेंभी नाक्यावर शेठचं नवं घर उठत होतं. खाली पुढे तांदळाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर बिऱ्हाड. भाड्याच्या जुन्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या सतरंजीवर गॅब्रिएल मेस्त्रीने नमुन्याच्या हातभर खिडक्या मांडल्या होत्या आणि सकाळपासून निवड चालली होती. दुकानाला रुंद, घडीच्या फळ्यांची. दिवाणखान्याला कमानदार, बेल्जियमच्या रंगीत तावदानांची, साहेबाच्या बंगल्याला असते तशी. तिच्या माथ्यावर १८८६ साल कोरायचं. निजायच्या खोल्यांना झिलमिली, तिरप्या पट्ट्यांची. एकेका खिडकीवर शेठने घटकाघटका घालवली होती. स्वयंपाकघर आलं आणि एका वाक्यात उरकलं.

"शेठ, भोकातून धूर नाय जात," मेस्त्री म्हणाला. "तिथं खिडकीच पायजे."

"मागे विहीर आहे, मेस्त्री. पाण्याला येणारे जाणारे आत बघतील. आणि बायकांना खिडकी दिली की भाकरी करपते." शेठ आपल्याच बोलण्यावर हसला.

कलावती आत वळली. चुलीपाशी तिची सासू, रंगूबाई, तांदळातले खडे चाचपून काढत बसली होती. पन्नाशी जेमतेम उलटलेली, पण दोन्ही डोळे धुराने खाल्लेले. कलावतीलाही हल्ली दिव्याभोवती कडं दिसायला लागलं होतं. परवा भातात एक खडा राहिला, तर शेठने वाढलेलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं. "डोळे फुटले का तुझे?" म्हणाला होता. तेव्हा ती भिंत पुसत बसली होती.

तिने शेगडी पुढे ओढली. फुललेल्या निखाऱ्यांवर ओल्या गोवऱ्या मोडून टाकल्या, वर ओंजळभर कोंडा.

"कुठं निघालीस गं?" सासूने विचारलं.

"खिडकी निवडायला."

ती बाहेरच्या खोलीत आली ती धुराचा लोट घेऊनच. परक्या पुरुषासमोर ती कधी आली नव्हती. शेगडी तिने सतरंजीशेजारी, फरशीवर ठेवली. रस्त्याकडची खिडकी लावली, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अगं, वेड लागलं का तुला?" शेठ उठला आणि खोकत परत खाली बसला.

"मेस्त्री, तुम्हाला उगाच त्रास. माफ करा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "बसा ना. मी रोज एवढ्या धुरात भाकऱ्या थापते, त्या तुम्ही मोजून खाता. भाकरी होईपर्यंत तरी बसा."

खोली राखाडी झाली. रंगीत तावदानं दिसेनाशी झाली. मेस्त्रीने रुमाल तोंडावर धरला, पण जागचा हलला नाही. शेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कलावती एकदाही खोकली नाही. धुरातच तिने विचारलं, "खडा दिसेल का आता तुम्हाला?"

शेठ ताडकन उठला. ठेचकाळत दारापर्यंत आला आणि त्याने हात उगारला.

"प्रभाकर, हात खाली घे."

आतल्या दारात रंगूबाई उभी होती. तिला दिसत नव्हतं. दिसायची तिला गरजही नव्हती; या घरात हात उगारला की कपड्याची सळसळ कशी होते, ते ती त्याच्या बापाच्या वेळेपासून ओळखत होती.

हात तसाच थांबला. मग खाली आला. शेठ धडपडत खिडकीशी गेला, त्याने झडपा ढकलल्या आणि डोकं बाहेर काढून कितीतरी वेळ श्वास घेत राहिला. मागे न बघताच तो म्हणाला, "ठेवा. काय ठेवायची ती ठेवा तिथं."

कलावतीचा राग उतरला नव्हता. कडी काढून तिने शेगडी उंबऱ्याबाहेर आदळली.

मेस्त्रीने डोळे पुसले, मापाची काठी घेतली. शेठकडे त्याने पाहिलंच नाही. "वहिनी, किती रुंद करू?"

कलावतीने तोंड उघडलं, पण त्याआधी रंगूबाई दोन पावलं पुढे आली. भिंतीला पाठ टेकून तिने दोन्ही हात पसरले, खांदे ताणले जाईपर्यंत पसरले.

"एवढी," ती म्हणाली.

गॅब्रिएल मेस्त्रीने काठी तिच्या उजव्या हाताच्या बोटांशी लावली आणि डाव्या हाताच्या बोटांपर्यंत माप घेतलं.