लिमिट कोणावर?

दादारावांच्या हिशेबात या खरेदीत तोटा कुठंच नव्हता. घरात कुणाला किती नेट द्यायचं हे ठरवता येईल असा राउटर आला, की बंटीचा गेम आटोक्यात येणार, रुचिराची मुलाखत सुरळीत होणार आणि दोन्हीचं श्रेय आपल्याला मिळणार. रेल्वेत ते कंट्रोलर होते. कोणती गाडी सोडायची, कोणती अडवून ठेवायची, हे ठरवण्यात अख्खी नोकरी सरली. घरात मात्र त्यांच्या सिग्नलला कुणी थांबत नव्हतं.

बदलीनं आलेल्या या हिंदी मुलखात, तेलीबागच्या दुकानात ते काउंटरवर बोटं वाजवत उभे होते. शेजारी माया, त्यांची बायको, सारखी फोनकडे बघत. तिकडे वृंदावन योजना वसाहतीतल्या घरी मुलगी रुचिरा हॉलमध्ये लॅपटॉप लावून बसली होती. पुण्याच्या कंपनीची मुलाखत कालच व्हायची. पण ती बोलता बोलता पडद्यावर गोठली. कंपनीनं आजची वेळ दिली. आणखी एकदा द्यायला कंपनी काही मामाची नव्हती.

"सर, ये वाला लीजिए," दुकानदार म्हणाला. "हर आदमी का अलग कोटा. जिसको जितना देना हो, उतना ही जाएगा. बताइए, लिमिट किस पे लगानी है?"

"लड़के पे," दादाराव म्हणाले.

"बंटी कोचिंगला गेलाय," माया म्हणाली.

"त्याच्याबरोबर त्याचा फोन गेलाय. कंप्यूटर घरीच आहे. चालू ठेवून गेला असेल."

तेवढ्यात रुचिराचा फोन. "मम्मी, फिर अटक रहा है! पापा को बोलो जल्दी करें, यार."

दादारावांनी पुरावाच दाखवायचा म्हणून मोबाईलवर घरच्या नेटचं अ‍ॅप उघडलं. कोण किती खातंय, त्याची यादी आली. बंटीच्या कॉम्प्युटरपुढं शून्य होतं. सगळ्यात वर, जवळजवळ सगळं नेट एकट्यानं ओढत, हॉलचा कॅमेरा. त्याच्याखाली स्वयंपाकघराचा.

दादारावांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली. उशीर झाला होता.

"कॅमेरे तर चोरासाठी लावले होते ना?" माया म्हणाली. "एवढं कशाला खातायत?"

"कोई लाइव देख रहा होगा, मैडम," दुकानदार डब्यावरची धूळ पुसत म्हणाला.

"कौन देखेगा, भैया? हम दोनों तो यहाँ खड़े हैं."

यावर दादारावांनी एका राउटरचा अँटेना सरळ केला. मग वाकडा केला.

"आई बघते," ते म्हणाले. "बाबा गेल्यावर म्हणाली, घर खायला उठतं. धाकट्या माणिकनं तिकडे अकोल्यात हे कॅमेरे टीव्हीला जोडून दिले. ती बोलत नाही, काही नाही. नुसती लावून बसते."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"म्हणून त्यांना कळतं, भाजीत तेल किती पडलं ते. आणि परवा विचारलं, पाय दुखतो का गं, लंगडत होतीस. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल." ती त्यांच्याकडे वळली. "तुम्ही कसले सांगताय. तुम्हाला कुठं दिसलं होतं?"

"मी तिला त्यातून काढून टाकतो. आत्ता."

"आणि सांगाल काय? नेट गेलं?" तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सासूला लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई, मी माया. रुचीची मुलाखत आहे. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा, तिचं अडकतंय."

"कोनता टीव्ही?" म्हातारीनं विचारलं.

"आमचा," माया म्हणाली.

मग आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "बरं, करतो बंद. पन पोरीच्या मांगं खिडकीत बंट्याची बनियन वाळू घातली हाय. काल बी तशीच होती. ते काढाले सांग आंधी."

मायानं रुचिराला फोन करून बनियन काढायला सांगितली. अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्यांपुढचे आकडे खाली आले, मग दोन्हीकडे शून्य झाले. रुचिराचा मेसेज आला: चल रहा है, एकदम साफ.

"तो सर, पैक कर दूँ?" दुकानदार म्हणाला. "लिमिट किस पे लगानी है, वो सेट करके देता हूँ."

लिमिट लावायला आता कुणी उरलं नव्हतं. पण मघापासून त्याच्याकडून सहा डबे उघडवून घेतले होते. रिकाम्या हातानं निघणं दादारावांना जड गेलं. "कर दो," ते म्हणाले.

बाहेर रिक्षांची गर्दी होती. स्कूटर निघेना. माया मागं बसून फोन बघत राहिली. मुलाखत झाली, मस्त झाली, रुचिरानं नाचणारी बाई पाठवली. मायानं अकोल्याला कळवलं: आई, झालं, आता लावा. निरोप पोहोचला, वाचला गेला. ती अ‍ॅप उघडायची, बंद करायची, परत उघडायची.

घराच्या वळणावर दादारावांनी मान मागं वळवली. "सुरू झाला?"

"नाही."

"लावेल गं. चहा घेत असेल."

"नाही लावायच्या," माया म्हणाली. "त्यांच्या जागी मी असते तर मीही लावला नसता."