साहेबांच्या मापाची खुर्ची

पडद्यावरच्या खुर्चीचे हात झडले आणि साहेब खूश झाले.

"बघितलंत? याला म्हणतात निसर्ग!" केबिनमध्ये बसलेल्या कारखान्याच्या मालकीणबाईंना ते म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये हजार खुर्च्या जन्माला घालायच्या. लेच्यापेच्या मरतात, धडधाकटांची पिल्लं पुढे जातात. जिथे भार येत नाही, तिथलं लाकूड पिढीगणिक झडत जातं. उरतो तो अस्सल आकार."

फर्निचरच्या कारखान्यात हे ज्ञान साहेबांनी कुठल्याशा परिषदेतून आणलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीतून. आल्या आल्या त्यांनी तोच नियम माणसांनाही लावला. भार न पेलणारे चौघे घरी गेले. आता पाळी कॉम्प्युटरपुढे बसलेल्या डिझायनरची होती. नमुना फसला तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला सकाळीच अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. घरात कमावणारी ती एकटीच.

भार मोजायचा कुणाच्या खुर्चीवर, यावर वादच नव्हता. "माझ्या! दिवसभर बूड हलत नाही माझं," साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मग महिनाभर त्यांच्याच खुर्चीला सेन्सर लावले. खोटं कशाला बोला, कधीही डोकावून बघा, खुर्चीच्या पाठीवर साहेबांचा कोट असायचाच. साहेब इथेच कुठेतरी आहेत, या धाकाने लोक मान खाली घालून काम करायचे.

पडद्यावर पिढ्या सरकत राहिल्या. बैठक पातळ झाली, मग गेलीच. पाठोपाठ पाय गेले. शेवटी उरला एक बारीक दांडा, खाली इवलासा पाया आणि वर एक खुंटी.

"ही खुर्ची?" साहेब कडाडले. "अगं बाई, बसायचं कुठे?"

"साहेब, मी पदरचं काही घातलं नाही हो." ती रडवेली झाली होती. "महिनाभरात तुमच्या खुर्चीवर जेवढा भार आला, तेवढाच दिला. जिथे आला, तिथेच."



मालकीणबाई उठल्या. साहेबांच्या खुर्चीवरचा कोट उचलून त्यांनी हातात जरा तोलून बघितला. मग तो साहेबांपुढे धरला.

"घाला. बाहेर गारठा आहे."