म्हशीसाठी बांधलेली खोली

"वहिनी, मागल्या खोलीले खिडकी ठेवा. नही ते मझार जीव शिजी जाई," भिकन मिस्त्री म्हणाला होता. शेडचे खांब उभे राहत होते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. चारुलताच्या हातात तिनेच आखलेला कागद होता. पुढे ट्रॅक्टर, मागे म्हशीची खोली. "म्हशीला कसली खिडकी, मिस्त्री? चोराची सोय तेवढी होईल," ती हसून म्हणाली होती. चारी बाजूंनी निळा पत्रा बसला.

म्हैस तिथे मार्चचे चार दिवस राहिली. दूध निम्म्यावर आलं, तशी चारुलताच्या नवऱ्याने, हेमकांतने, तिला निंबाखाली बांधली, वर हिरवी जाळी टाकली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवरचा सालदार बदलला. नवा दलसिंग सातपुड्यातून आला, बायको दिवली आणि सहा महिन्यांची मुलगी घेऊन. खोली रिकामीच होती, तीच त्यांना दिली.

आज दुपारचे दोन. चारुलताचा मुलगा कूलरसमोर झोपला होता. ती मात्र शेडकडे कान देऊन होती. सालदाराची मुलगी रोज अकराला रडायला लागायची, ते ऊन उतरेपर्यंत. आज काहीच नाही.

"आई, दिवलीची पोर रडली का आज?"

"निजी गयी व्हई," सासू, रंजनाबाई, पडल्या पडल्या म्हणाली. "आज तरी कानले निवांत शे. तू कसाले उठस?"

चारुलता अनवाणीच निघाली. अंगणात पाय भाजले म्हणून पळतच शेडपाशी गेली. दाराला हात लागताच तिने तो झटकून मागे घेतला आणि पदराने दार ओढलं.

कुकरचं झाकण उघडावं तशी गरम हवा तोंडावर आली. दलसिंग केळीला पाणी द्यायला गेला होता. कोपऱ्यात दिवली मुलीला मांडीवर घेऊन खताच्या गोणीच्या तुकड्याने वारा घालत होती.

"निजली," ती हळूच म्हणाली. एकदाची निजली म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

चारुलताने मुलीच्या पोटाला हात लावला. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे उघडे.

"ही निजलेली नाही गं. ऊठ. ऊठ आधी!"

तिने मुलगी उचलली, घरात आणली, दोरीवरची ओढणी कूलरच्या टाकीत बुडवून तिच्या अंगाभोवती गुंडाळली आणि आपल्या मुलाशेजारी ठेवली. रंजनाबाई ताडकन उठून बसली.

"आठे? मन्हा नातूजवळ?"

"सरका, आई."

हेमकांत डोळे चोळत दारात आला. "काय करी ऱ्हायनी तू?"

"गाडी काढा. शहाद्याला, दवाखान्यात."

"आते? डोकावर ऊन शे. उतरू दे जरा. डोंगरना लोक शेतस त्या, त्यास्ले सवय ऱ्हास."

"म्हशीला होईल सवय, असं नाही म्हणालात तुम्ही!" तिच्या आवाजाने तिचाच मुलगा दचकून जागा झाला, रडायला लागला. "चौथ्या दिवशी बाहेर काढलीत तिला. जाळी टाकलीत. दुपारी दोनदा अंगावर पाणी मारता."

"हळू बोल. सालदारनी बाई उभी शे."

"तिच्यासमोरच बोलायचंय. म्हशीचं दूध निम्म्यावर आलं तर घरभर चर्चा. हिला दूध उतरतंय का, विचारलं कोणी? मीही नाही विचारलं. पदवीधर मी, लेकुरवाळी मी, आणि रोज इथे बसून त्या पोरीचं रडणं ऐकत होते!"

हेमकांतची नजर दिवलीकडे गेली आणि त्याने खुंटीवरची चावी काढली. चारुलताने रडणारा मुलगा सासूच्या मांडीवर दिला.

गाडीत मुलगी दिवलीच्या मांडीवर होती. चारुलता ओल्या ओढणीचं टोक तिच्या ओठांना लावत होती. एकदा, दोनदा. सारंगखेड्याचा पूल ओलांडल्यावर जीभ हलली. किंचितच.

"जोरात चालवा," ती म्हणाली. हेमकांतने मान न वळवता वेग वाढवला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतातली शेडं उन्हात लखलखत होती. निळी, लाल, हिरवी. सगळ्यांना चारी बाजूंनी पत्रा, सगळ्यांची दारं लोटलेली. चारुलता आधी मोजत होती, मग तिने मोजणं सोडून दिलं.

तुमच्याही शेतात असं एखादं शेड असेल. नसेल तर शेजाऱ्याच्या असेल. मागच्या खोलीत कोण राहतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या दुपारी दोन वाजता तिकडे जा. दारातून हाक मारून परत फिरू नका. आत जा, आणि लेकराला हात लावून बघा.