समाधान आहे ना?

मतदान संपलं होतं, किंवा खरं तर त्याची गरजच उरली नव्हती. खर्चात ज्याचा वाटा मोठा त्याची मतं जास्त, हे सूत्र एकदा मान्य झाल्यावर चंडीगड, मोहाली आणि पंचकुला मिळून हवं ते मंजूर करू शकत होती. बाकीच्या छोट्या नगर परिषदांनी चहा घ्यावा, बिस्किटं खावीत आणि सही करावी.

सूत्र आसावरीचं होतं. ती मूळची कराडची, या सगळ्या शहरांच्या संयुक्त समितीची नियोजन सल्लागार. नोकरी करारावरची, आणि करार वाढवायचा की नाही ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं. समितीचे अध्यक्ष श्यामसुंदरजी सकाळीच हसून म्हणाले होते, "आज यह पास हो जाए, फिर आपका पक्का समझिए."

विषय होता चो. चो म्हणजे डोंगरातून येणारा इथला पावसाळी ओढा. वर्षभर कोरडा, आणि एकदा आला की उभ्या गाड्या घेऊन जाणारा. शहरांच्या हद्दीत त्याला काँक्रीटचा सरळ पाट बांधायचा, म्हणजे पाणी न तुंबता झटकन पुढे जाईल. पुढे म्हणजे कुठे, हे मात्र दिवसभरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

पुढे गुरमेल कौर यांचं गाव होतं, खरड शहराच्याही पलीकडे. त्या तिथल्या नगर परिषदेच्या अध्यक्षा. टेबलाच्या टोकाला ओढणी सावरत बसल्या होत्या. त्यांचा खर्चातला वाटा एवढासा, म्हणून शंभरातली दोन मतं त्यांच्या पदरात पडली होती. ती विरोधात गेली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"आसावरी जी, इनसे भी पूछ लीजिए," श्यामसुंदरजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "बाद में कोई शिकायत न रहे."

आसावरीने माइक ओढला. इतकी वर्षं इथे काढूनही ती वाक्य मनात मराठीत जुळवायची आणि तोंडाने हिंदी करून सोडून द्यायची. तुमचं समाधान आहे ना, असं तिच्या मनात आलं.

"मॅडम, आपका समाधान है ना?"

गुरमेल कौर यांनी चमकून वर पाहिलं. मराठीतलं समाधान मनाला होतं. हिंदीतलं समाधान म्हणजे तोडगा. या बाई आपल्याकडे तोडगा मागताहेत, असंच त्यांना वाटलं.

"है जी," त्या म्हणाल्या आणि चक्क उभ्या राहिल्या.

आसावरीने जीभ चावली, पण आता उशीर झाला होता.

"पैसे के हिसाब से वोट? चलो जी, ठीक है. फिर पानी के हिसाब से भी वोट दे दो. आप जो पानी यहाँ से भगाओगे, वो सारा हमारी नीचे वाली बस्ती में आएगा. पिछली बार मंजे-खाटें, बिस्तर, बुजुर्ग, सब छत पे चढाने पडे. अब सीधा रास्ता बना के भेजोगे, तो वो छत पे भी आ जाएगा. पैसा हमारा थोडा है जी. पानी सबसे ज्यादा हमारा होगा."

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

श्यामसुंदरजींच्या कपाळाला आठी पडली. सल्लागाराने सभेत तोडगा मागितला, की त्यावर चर्चा झाल्याशिवाय विषय बंद करता येत नाही. समितीचे नियम लिहिताना आसावरीनेच मोठ्या हौसेने हे कलम घातलं होतं. श्यामसुंदरजींनी माइकवर हात ठेवला.

"आपने समाधान माँगा था? या यह भाषा की गडबड है? गडबड है तो लिख देते हैं, बात खतम."

हो म्हटलं की सुटका होती. खोटं बोलावं लागणार नव्हतं, उलट तेच खरं होतं. पण तिला गुरमेल कौर यांच्याकडे बघवेना. सूत्र मांडताना तिने खर्च धरला होता, खर्चाचे वाटे पाडायला लोकसंख्या धरली होती, रस्त्यांची लांबीसुद्धा धरली होती. उतार धरायचं तिला सुचलंच नव्हतं. आसावरीला मनापासून लाज वाटली.

"नाही सर," तिच्या तोंडून मराठीच निघालं. मग ती सावरून म्हणाली, "गडबड नहीं है, सर. मैंने ही माँगा था."

विषय पुढच्या बैठकीवर गेला, म्हणजे तिच्या कराराच्याच बैठकीवर. फाइल मिटताना श्यामसुंदरजींनी पक्का हा शब्द काही पुन्हा काढला नाही.

खाली फाटकाशी गुरमेल कौर गाडीची वाट बघत उभ्या होत्या. आसावरीला राहवेना. ती जवळ गेली.

"मॅडम, सच बताऊँ? मैं कुछ और पूछ रही थी. हमारी मराठी में समाधान मतलब तसल्ली. मैं तो बस पूछ रही थी, आपको तसल्ली है ना."

गुरमेल कौर यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तसल्ली पूछती, तो मैं हाँ कह देती, पुत्त. सब वही पूछते हैं. हम हाँ कह देते हैं."

गाडी आली. त्या आत बसल्या, दार लावलं, मग काच खाली केली.

"तेरी हिंदी कच्ची है," त्या म्हणाल्या. "पक्की मत करना."