हजेरी

तालुक्याच्या सभागृहात महिला सरपंचांचं प्रशिक्षण होतं, आणि पहिल्या रांगेत सगळ्यांना मिशा होत्या. प्रत्येकाच्या खिशावर बिल्ला लावलेला होता, 'महिला सरपंच'. त्यांच्या बायका, म्हणजे खऱ्या निवडून आलेल्या, बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर बसून घरनं आणलेले डबे सोडत होत्या.

मी सरळ आत जाऊन बसले. आमच्या मालकांना मुद्दामच घरी ठेवलं होतं, म्हशीपाशी.

व्याख्याते तळमळीनं सांगत होते, "घटनेतलं एक अक्षर बदलायचं तरी संसद लागते, दोन तृतीयांश मतं लागतात. महिलांचं हे आरक्षण कुणाच्या बापाला हलवता येणार नाही." मिशांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढा वेळ मला ते खरंच वाटलं.

मग साहेबांनी माइकवरून हजेरी सुरू केली. नावं सगळी आमचीच होती.

"शेवंता बापूराव घोलप."

"हजर," एक मिशी म्हणाली.

"रुक्साना गफूर मुजावर."

"हजर," दुसरी म्हणाली.

"सिंधू दिगंबर आवटे."

"हजर," मी उभी राहून म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, दिगंबरराव कुठायत?"

"घरी आहेत. सरपंच मी आहे."

"ते माहितीय हो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाहेर सतरंजीवर जागा आहे, बसा तिथं निवांत."

मी बसले नाही. उभीच राहिले.

साहेबांनी मान खाली घातली आणि पुन्हा माइकवर म्हणाले, "सिंधू दिगंबर आवटे, गैरहजर."