मागून येणारी थाप

अप्पा सैन्यात होते. ईशान्येच्या जंगलात बंडखोरांच्या मागावर असताना बोलायची बंदी असे. रांगेतला शेवटचा जवान पुढच्याच्या खांद्यावर एक थाप देई, पुढचा प्रत्येकजण एक वाढवी. एका गस्तीत थापा कमी आल्या. मागे कोण राहिलं, ते अप्पांनी कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून चामराजपेटच्या बाजारातल्या गर्दीतही ते आमच्या मागे चालत. त्यांची एक थाप मला, माझ्या दोन आईला.

ते गेल्यानंतर काल आम्ही दोघी प्रथमच बाजारात गेलो. माझ्या खांद्यावर थाप पडली. सवयीनं मी आईला दोन दिल्या.

ती वळली नाही. "आले होय? एकटेच की?"

"स्वल्प थांब, आई."

माझ्या खांद्यावर थापा अजून पडतच होत्या.